कुणाचे ओठ हलत नाहीत?

गेल्या ऑगस्टमध्ये जेवता जेवता ताईने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे वाच जरा," म्हणाली. भाचीच्या वर्गाचा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. स्वातंत्र्यदिनाला प्रत्येक वर्ग एक देशभक्तिपर गीत म्हणणार, सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग अनिवार्य, असा बाईंचा मेसेज. त्याखाली एका आईने विचारलं होतं : आमचा मुलगा येईल, गणवेशात येईल, रांगेत नीट उभा राहील, पण आमच्या धर्मात बसत नसल्यामुळे तो गाणार नाही, चालेल का?

खाली पन्नास-साठ उत्तरं. पहिली दोन-तीन समजुतीची होती. मग कुणीतरी लिहिलं, "गाण्यात कसला आलाय धर्म?" त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मग "रेशन घेताना धर्म आठवत नाही वाटतं". मग झेंड्यांचे स्टिकर. रात्री अकराच्या सुमारास त्या आईने आपला मेसेज डिलीट केला होता. उत्तरं मात्र तशीच होती, आता प्रश्न नसलेली उत्तरं.

ती आई कुठल्या धर्माची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. ते कळलं की आपलं मत एका सेकंदात ठरतं, आणि मग पुढचं काही वाचायची गरज उरत नाही. मला तर हा प्रश्न पुढपर्यंत वाचायचाय. ताईने विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "बघू." खरं म्हणजे मला त्या ग्रुपमधले ते साठ जण अनोळखी वाटले नव्हते. त्यांच्यातली एक मी होते, आठवीत असताना.

*

आमची शाळा तालुक्याच्या गावातली. सकाळी परिपाठ असायचा : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, आणि शनिवारी 'वंदे मातरम्'. मी वर्गाची मॉनिटर. मॉनिटरचं काम रांगेच्या पुढे, वर्गाकडे तोंड करून उभं राहायचं. त्यामुळे सगळी शाळा झेंड्याकडे बघायची तेव्हा मी पन्नास मुलांच्या तोंडांकडे बघायचे.

एक मुलगी शनिवारी गात नाही, हे मला तसंच दिसलं. रोजचं राष्ट्रगीत ती खणखणीत म्हणायची, आवाजही चांगला होता. 'वंदे मातरम्' सुरू झालं की ओठ मिटून, हात सरळ ठेवून, समोर बघत उभी राहायची. ती मुसलमान होती. पण तेव्हा मला त्याचा आणि गाण्याचा काही संबंध असेल हे माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच माहीत होतं की नियम आहे, ती पाळत नाही, आणि मी मॉनिटर आहे. मी पी.टी.च्या सरांना सांगितलं.

सरांनी पुढच्या शनिवारी तिला माइकजवळ बोलावलं आणि एकटीने म्हणायला सांगितलं. ती गप्प उभी राहिली. बहुधा मिनिटभरच, पण संपूर्ण शाळा गप्प असली की मिनिट फार मोठं असतं. मग आठवडाभर परिपाठाच्या वेळी तिला ऑफिसबाहेर उभं केलं. तिच्या वडिलांना बोलावलं. त्यानंतरच्या शनिवारी ती रांगेत परत आली आणि तिचे ओठ हलत होते. मी समोरच होते, दोन हातांवर. आवाज येत नव्हता. सरांनी लांबून पाहिलं आणि मान डोलावली. प्रश्न सुटला होता.

दहावीनंतर आमची गाठ पडली नाही. त्या ग्रुपवरचे मेसेज वाचल्यावर मी काय केलं असेल, तर त्या रात्री एक जुनं निकालपत्र शोधून वाचलं. आवाज न येणाऱ्या त्या ओठांबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. म्हणून हा लेख त्या निकालपत्राबद्दल आहे. कायद्याचा दस्तऐवज म्हणून त्याच्यावर वकिलांनी पुष्कळ लिहिलंय. मी ते एक लेखन म्हणून वाचणार आहे : ते कशाने जिंकतं, आणि कुठे कमी पडतं.

*

खटल्याचं नाव बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, ११ ऑगस्ट १९८६चा. लिहिणारे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी, सोबत न्यायमूर्ती एम. एम. दत्त. इंग्रजीत आहे, लांबलचक नाही, आणि नेटवर फुकट मिळतं. बसमध्ये वाचून होईल.

हकीकत साधी आहे. केरळातल्या एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं. घरचे लोक यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे. सकाळी राष्ट्रगीत सुरू झालं की ही मुलं इतरांसारखीच उठून, आदराने उभी राहायची. गायची मात्र नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणी त्याच शाळेत शिकल्या, त्यांनीही वर्षानुवर्षं हेच केलं होतं.

इथे रेड्डींच्या लिहिण्याची पहिली गंमत दिसते. इतकी वर्षं कुणाला त्रास झाला नाही, कुणाला हे देशद्रोही वाटलं नाही, हे ते लहान लहान वाक्यांत सांगत जातात. आणि मग एक 'देशभक्त सद्गृहस्थ' आणतात. जुलै १९८५मध्ये या सद्गृहस्थांच्या नजरेस हे आलं. ते नेमके आमदार होते. त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने सांगितलं की मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही. तरीही शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने २६ जुलै १९८५पासून मुलांना शाळेतून काढलं. वडिलांनी विनवणी केली, की सरकारचा आदेश येईपर्यंत तरी त्यांना बसू द्या. मुख्याध्यापिकेने आपण असहाय असल्याचं कळवलं.

या परिच्छेदात एकही विशेषण चढ्या आवाजात नाही. पण नीट बघा : गुन्हा कुठे घडला हे शोधायला गेलो, तर तो शाळेच्या मैदानावर सापडतच नाही. मुलं तिथेच होती, तशीच होती. बदललं ते एवढंच, की कुणीतरी त्यांच्या ओठांकडे बघितलं. त्या सद्गृहस्थांवरच्या ओळीला इंग्रजी वाचणारे हसतात. मी हसले नाही. आमच्या शाळेतली सद्गृहस्थ मी होते.

उच्च न्यायालयात मुलं हरली होती, आधी एका न्यायाधीशापुढे आणि मग खंडपीठापुढे. तिथल्या न्यायाधीशांनी काय केलं? त्यांनी राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला आणि सांगितलं, की यात कुणाच्याही धर्मभावना दुखावतील असं काही नाही. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला प्रश्नही हाच, "गाण्यात कसला आलाय धर्म?" आणि प्रामाणिकपणे बघितलं तर 'जन गण मन'च्या बाबतीत ते खरंही आहे.

रेड्डींचं म्हणणं असं, की उत्तर बरोबर असेल, पण प्रश्न चुकला. मुलांची हरकत शब्दांना नव्हतीच. हा पंथ भारतात 'जन गण मन' गात नाही, तसंच ब्रिटनमध्ये तिथलं आणि अमेरिकेत तिथलं राष्ट्रगीतही गात नाही. उभे सगळीकडे राहतात. म्हणजे गाण्यात काय आहे हे बघून उपयोग नाही. बघायचं ते हे, की त्यांची श्रद्धा मनापासूनची आहे का. न्यायाधीशाला ती पटते का, तर्काला धरून वाटते का, हा मुद्दाच नाही. असली तर राज्यघटनेचं २५वं कलम तिचं रक्षण करतं, अर्थात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांच्या मर्यादेत.

मग ते दुसरं साधं पाऊल टाकतात. कुठल्या कायद्याने गाणं सक्तीचं केलंय? १९७१चा राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणारा कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला किंवा गाणाऱ्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा सांगतो. न गाणाऱ्याला नाही. राहिली केरळच्या शिक्षण खात्याची १९६१ आणि १९७०ची परिपत्रकं. त्यांना कायद्याचं बळ नाही. आणि मूलभूत हक्कावर बंधन घालायचं तर कायदाच लागतो, साहेबाच्या सहीचा कागद पुरत नाही. एकोणिसाव्या कलमाने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, त्यातच न बोलायचंही आलं. राष्ट्रगीताला उठून उभं राहणं हा आदर आहे. त्यात सूर न मिसळणं हा अनादर नाही. मुलांना शाळेत परत घ्या.

*

मधल्या पानांत रेड्डी आपल्याला अमेरिकेत नेतात, कारण हाच पंथ आणि हाच प्रश्न तिथे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी उभा राहिला होता. ती गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण 'सक्ती करून बघू, काय होतंय' या प्रयोगाचा निकाल त्या देशाने स्वतःच्या अंगावर काढलाय.

पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावात १९३५मध्ये बारा वर्षांची बहीण आणि दहा वर्षांचा भाऊ झेंड्याला सलामी द्यायला नाही म्हणाले आणि शाळेबाहेर गेले. तेव्हाची अमेरिकी सलामी म्हणजे उजवा हात समोर ताठ करायचा. हुबेहूब जर्मनीसारखी. आणि त्याच काळात जर्मनीत याच पंथाचे लोक हिटलरला हात वर करत नाहीत म्हणून छळछावण्यांत डांबले जात होते. जून १९४०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला, की शाळा सक्ती करू शकते. तो लिहिला न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी, जे स्वतः ज्यू होते आणि लहानपणी व्हिएन्नाहून अमेरिकेत आले होते. त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं : निरनिराळ्या लोकांचा देश एकत्र राहायला समान प्रतीकं लागतात, आणि ती मुलांच्या मनात कशी रुजवायची हे शाळांनी ठरवावं, न्यायाधीशांनी नाही.

त्या निकालानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मुलांना शाळांतून काढण्याचं प्रमाण वाढलं. तीन वर्षांत त्याच न्यायालयाने आपला निकाल उलटवला. १४ जून १९४३, अमेरिकेतला ध्वजदिन. ६ विरुद्ध ३. पहिल्या निकालात बहुमतात असलेल्या तिघा न्यायाधीशांनी उघडपणे मत बदललं होतं. नवा निकाल न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिला. त्याचं सार असं, की देशभक्ती कशाला म्हणायचं हे ठरवून ती नागरिकाच्या तोंडून वदवून घ्यायचा अधिकार कुठल्याही अधिकाऱ्याला नाही. आणि लक्षात घ्या, तेव्हा महायुद्ध चालू होतं. देशाला प्रतीकांची गरज सर्वांत जास्त असते अशा वेळी त्यांनी हे लिहिलं.

एक बारीकशी गोष्ट मला या दोन खटल्यांबद्दल वाचताना टोचली. दोन्ही कुटुंबांची आडनावं न्यायालयाच्या दप्तरात चुकीची नोंदली गेली आणि ती तशीच इतिहासात राहिली. लोकांनी काय म्हणावं यावर इतकी पानं लिहिली गेली, पण त्यांना नावाने काय म्हणतात ते कुणी नीट विचारलं नव्हतं.

*

आता निकालपत्र कमी कुठे पडतं ते.

पहिली गोष्ट, ते मुलांना वाचवतं ते त्यांची श्रद्धा 'मनापासूनची' म्हणून. ती मनापासूनची कशावरून? तर जगभर या पंथाचे लोक असेच वागतात, देशोदेशीचे निकाल आहेत, पंथाचं साहित्य आहे. म्हणजे मुलांच्या पाठीशी एक अख्खा पंथ उभा आहे. पण ज्याच्या पाठीशी असं कुणी नाही त्याचं काय? माझ्या वर्गातल्या मुलीच्याच धर्माची कितीतरी मुलं 'वंदे मातरम्' म्हणतात. तिला कुणी विचारलं असतं, "ते म्हणतात, मग तुलाच काय झालं?", तर तेरा वर्षांच्या मुलीने काय पुरावा दिला असता? आणि ज्या मुलाला धर्मच नाही, पण सक्तीने गायला मन घेत नाही, तो कुठल्या कलमात बसतो? रेड्डींनी गप्प राहण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमाखालीही सांगितलाय, तिथे दार किलकिलं आहे. पण निकालाचा सगळा भर पंचविसाव्यावर, म्हणजे धर्मावर आहे.

याचा परिणाम पुढे दिसतो. जुलै २०१७मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एक अजब प्रकरण होतं. शिक्षक भरतीच्या परीक्षेत विचारलं होतं, 'वंदे मातरम्' मुळात कुठल्या भाषेत लिहिलं गेलं? एका उमेदवाराने लिहिलं बंगाली. उत्तरपत्रिकेत होतं संस्कृत. भांडण एका गुणाचं. त्यातून निघाला तो आदेश असा, की तमिळनाडूच्या शाळांमध्ये आठवड्यातून एकदा 'वंदे मातरम्' गायलं जावं. पुढे अशी पुस्ती, की कुणाला अडचण असेल आणि कारण सबळ असेल, तर सक्ती करू नये.

ही पुस्ती वाचून बरं वाटतं. पण शाळेत ती कशी चालेल ते बघा. सबळ कारण कुणाला द्यायचं? मुख्याध्यापकांना. कुणी द्यायचं? मुलाने, वडिलांना घेऊन, ऑफिसात उभं राहून. दिल्यावर काय होणार? त्याचं नाव यादीत येणार. पालकांच्या ग्रुपवर त्या आईने नेमकं हेच केलं होतं. परवानगी मागितली होती. परवानगी मागावी लागणं हीच शिक्षा झाली.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की हात जोडायची सक्ती करता येणार नाही. मोठा माणूस, नोकरीतला, कायदा समजणारा. तरी त्याला न जोडलेल्या हातांसाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आठवीतली मुलगी कुठे जाणार? ती सोपा मार्ग काढते. ओठ हलवते.

दुसरी उणीव बारीक आहे, पण मला ती जास्त लागते. निकालपत्रात आमदार बोलतात, आयोग बोलतो, मुख्याध्यापिका बोलते, देशोदेशीचे न्यायाधीश बोलतात. मुलांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. त्यांना राष्ट्रगीत सुरू असताना काय वाटायचं? शेजारच्या मुलाने कोपर मारलं असेल का? आमदारसाहेब येऊन गेल्यावर मधल्या सुट्टीत डबा कुणासोबत खाल्ला? हे न्यायालयाचं काम नाही, मान्य. पण म्हणूनच निकाल वाचून संपला तरी विषय संपत नाही. न्यायालय त्यांना वर्गात परत नेऊन बसवू शकतं. बाकावर शेजारी बसायचं की नाही, ते आपल्याकडे राहतं.

*

या सगळ्याविरुद्ध जे म्हटलं जातं त्यातल्या दोन गोष्टी मला खरंच विचार करायला लावतात.

एक, सोबत गाण्यात काहीतरी असतं. मी हे नाकारणार नाही. मॅचच्या आधी स्टेडियममध्ये राष्ट्रगीत सुरू झालं की माझ्या अंगावर काटा येतो. टीव्हीसमोरही मी उठते. अनोळखी हजारो लोकांचा एक सूर लागतो, तेव्हा देश ही नकाशातली गोष्ट राहत नाही. पण हा काटा कशाने येतो? ते लोक आपणहून गातायत म्हणून. गेटवर तपासणी करून, न गाणाऱ्याला बाहेर काढून तोच सूर लावला, तर तो तितकाच मोठा असेल. पण आपल्याला त्याचा अर्थ कळणार नाही. कोण मनापासून गातंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय, हे सक्तीनंतर ओळखूच येत नाही. ज्यांना देशभक्तीची खरी काळजी आहे त्यांनी सक्तीला सर्वांत आधी विरोध करायला हवा, कारण सक्तीने नुकसान होतं ते मनापासून गाणाऱ्यांचं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. मूल म्हणजे स्वतंत्र विचार केलेला माणूस नव्हे. पाचवीतल्या मुलीची श्रद्धा ही तिच्या आईबापांची श्रद्धा. मग आपण तिच्या मनाचं रक्षण करतोय की तिच्या वडिलांच्या हुकमाचं? घरातून लादलेलं चालतं, आणि शाळेने लादलेलं का नाही?

मी यावर बरेच दिवस अडकले होते. सुटका झाली ती एका फरकाने. शाळा मुलांवर कितीतरी गोष्टी लादते : गणित, गणवेश, पाढे, वेळेवर येणं. घरच्यांना उत्क्रांतीचा धडा आवडत नसेल तरी तो शिकवला पाहिजे, परीक्षेत विचारलाही पाहिजे. कारण शिकवलेलं मूल उद्या घरच्यांशी असहमत होऊ शकतं. आईबापांच्या मुठीतून सुटायची वाट शाळाच देते. पण वदवून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय ते लिही, यात मुलाला माहिती आहे की नाही एवढंच कळतं. हे म्हण, आणि मनापासून म्हण, यात आपण त्याच्याकडून निष्ठा जाहीर करून घेत असतो. आणि अशा वेळी मूल मधल्यामध्ये सापडतं : घरी एक शपथ, शाळेत दुसरी. यातून ते मोकळ्या विचाराचं होत नाही. दोन्हीकडे खोटं बोलायला शिकतं.

म्हणून मी म्हणते, गाणं शिकवा. पूर्ण शिकवा. 'जन गण मन' पहिल्यांदा २७ डिसेंबर १९११ला काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायलं गेलं, मूळ गीताची कडवी पाच आहेत, हे सांगा. 'वंदे मातरम्' बंकिमचंद्रांच्या 'आनंदमठ'मध्ये कुठल्या प्रसंगात येतं, पुढच्या कडव्यांत मातेला देवीच्या रूपात कसं पाहिलंय, आणि त्यामुळे काही मुसलमानांना ते का खुपलं, हे सांगा. याच गाण्यासाठी लोकांनी इंग्रजांच्या लाठ्या खाल्ल्या, हेही सांगा. १८९६च्या काँग्रेस अधिवेशनात ज्यांनी ते गायलं त्या रवींद्रनाथांचाच सल्ला १९३७मध्ये नेहरूंनी घेतला, आणि मग काँग्रेस कार्यसमितीने पहिली दोनच कडवी ठेवली; वर आयोजकांना दुसरं निर्विवाद गाणं घ्यायची मुभाही दिली. २४ जानेवारी १९५०ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत दोन्ही गीतांचा समान मान जाहीर केला. हा सगळा इतिहास परीक्षेत विचारा, पाच गुणांना विचारा.

आठवीत मला यातलं काही ठाऊक असतं, तर त्या शनिवारी मी कदाचित सरांकडे गेले नसते. किंवा गेलेही असते. मॉनिटरपद फार प्रिय होतं. पण निदान तिला मधल्या सुट्टीत विचारलं असतं, "तू का गं म्हणत नाहीस?" त्या वर्षभरात हा प्रश्न तिला एकदाही कुणी विचारला नाही. सगळ्यांनी फक्त "म्हण" म्हटलं.

*

नियम काय असावा, तर माझ्या मते दोन ओळींचा. राष्ट्रगीताला सगळ्यांनी नीट उभं राहावं आणि गोंधळ घालू नये. गायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. कारण विचारलं जाणार नाही. 'सबळ कारण' नको, अर्ज नको, यादी नको. १९८६च्या निकालाने पहिली ओळ पक्की केली. दुसरी त्याने धर्माच्या दारापर्यंत आणून ठेवली. तिथून आत घ्यायचं काम आपलं. हे निकालपत्र अजून जिवंत आहे. २०२२च्या हिजाब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मतं दोन दिशांना गेली, तेव्हा न्यायमूर्ती सुधांशु धुलिया याच तीन मुलांपाशी परत आले होते.

एवढं लिहून झाल्यावर ताईला पाठवलं. तिने वाचून विचारलं, "मग मी ग्रुपवर काय लिहू?" कार्यक्रम होऊन गेला होता. मुलगा आला होता, दुसऱ्या रांगेत होता, भाचीच्या शेजारी. भाचीला विचारलं, "तो गात होता का?"

भाची म्हणाली, "मी कशाला बघू? मी झेंड्याकडे बघत होते."